रेघ कुठपर्यंत होती?

"चार दिवसांत घरी येतो बघ. रविवारी ये तू, आनेकलचा डबा उघडून बसूया." गंगाधर अण्णांचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं. बुधवारी संध्याकाळी, दवाखान्यातून, फोनवर. आवाज नेहमीचाच होता, जरा धाप लागलेला, पण ती धाप त्यांना दोन वर्षं लागतच होती. मी विचारलं, "अण्णा, डॉक्टर काय म्हणतात?" तर म्हणाले, "काय म्हणणार? फुप्फुसात स्वल्प पाणी झालंय म्हणे. ओव्हरफ्लो व्हायलंय, दुसरं काय." आणि हसले. मीही हसलो, कारण दुरुस्त न होणारी कुठलीही गोष्ट अण्णांच्या घरात असते यावर माझा विश्वासच नव्हता. शनिवारी सकाळी मी दाढी करत असताना त्यांच्या पत्नीचा, सरोजाक्कांचा फोन आला. अक्का कोलारकडच्या, मला तम्मा म्हणजे धाकटा भाऊ म्हणतात. मराठी नवऱ्याकडून बोलायला शिकल्या, वाचता कधीच आली नाही, आणि घाबरल्या की बोलायचीही विसरतात. "तम्मा, इवरु होगिबिट्रु," एवढंच म्हणाल्या. माझं कानडी अजून रिक्षापुरतंच आहे, पण 'हे गेले' एवढं कळायला फार भाषा लागत नाही. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी खाली पार्किंगमध्ये आलो, आणि गाडीला किक मारताना लक्षात आलं, ही गाडीसुद्धा त्यांनीच जिवंत केलेली...

मी मूळचा पुण्याचा. चौदा वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी बंगळुरात आलो आणि बेळ्ळंदूरच्या तळ्याजवळ एका उंच इमारतीत राहू लागलो. वर्षभरात इथल्या ट्रॅफिकला वैतागून मामांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल रेल्वेने मागवून घेतली. ट्रॅफिकवर जुनी मोटरसायकल हा कसला उपाय, असं बायकोने तेव्हा विचारलं होतं, त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. गाडी यशवंतपूरला उतरली. गोणपाटातून सोडवली, पेट्रोल आणून ओतलं, किक मारून मारून पोटरी सुजली, तरी ती हूं नाही की चूं नाही. पार्सल ऑफिसबाहेरच्या एका हमालाने माझी दया येऊन "गंगाधरण्णा" हे नाव आणि मागच्या गल्लीची दिशा दिली. ढकलत गेलो. दारात खुर्ची टाकून साठीचा एक उंच, किडकिडीत माणूस बसला होता. मी हिंदीत सुरुवात केली. त्यांनी नंबरप्लेट वाचली आणि मराठीत विचारलं, "पार्सलला द्यायच्या आधी टाकी रिकामी केलात?" मी म्हटलं, हो, मामांची गाडी आहे, टाकी रिकामी करूनच पाठवली, रेल्वेचा नियमच आहे तो. "आणि वाटी कुणी रिकामी करायची, पुणेकर? मामांनी?"

ही वाटी म्हणजे काय ते इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यातच आहे. कार्बोरेटर हा मुठीएवढा भाग पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजतो. त्याच्या तळाशी एक छोटी वाटी असते. टाकीतलं पेट्रोल आधी तिच्यात येऊन थांबतं आणि तिथून पुढे जातं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट, तपकिरी खळ उरते. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळलेलं असतं, त्यामुळे ती खळ काकवीसारखी घट्ट बसते. पेट्रोल जिथपर्यंत होतं तिथे वाटीच्या आतल्या भिंतीवर एक रेघ राहते. अण्णांनी माझ्या गाडीची वाटी उघडून ती रेघ मला दाखवली आणि म्हणाले, "मामांनी गाडी लावली तेव्हा पाऊण वाटी होती. संध्याकाळी परत काढायची म्हणूनच लावली असणार त्यांनी. मग राहून गेलं." मी थक्क झालो. मामांना त्याच दिवशी पक्षाघाताचा झटका आला होता आणि त्यानंतर ते गाडीवर कधी बसलेच नाहीत.

अण्णा निपाणीकडचे. तरुणपणी इथे आले आणि यशवंतपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून त्यांनी उभी हयात काढली. मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर घरामागच्या खोलीत जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचे कार्बोरेटर सांभाळणं हा त्यांचा उद्योग होता. दुरुस्त करणं नव्हे, सांभाळणं. त्या गाड्या बनायच्या बंद झाल्या, सुटे भाग मिळेनासे झाले, नकली मिळतात ते महिन्यात गळायला लागतात. म्हणून शहरभरातले हौशी लोक आपला जादाचा, अस्सल कार्बोरेटर अण्णांकडे ठेवायला द्यायचे. कुणाला दहा वर्षांनी लागायचा, कुणाला कधीच नाही. "गाडी मेली तरी चालेल, हा मरू देऊ नये," असं अण्णा म्हणायचे, आणि त्यांच्या हातचा दहा वर्षांनी काढलेला कार्बोरेटर मी पहिल्या किकला चालताना पाहिला आहे. त्यांची पद्धत ठरलेली होती. वाटीतला शेवटचा थेंब काढायचा. सगळं सुटं करून धुवायचं, बारीक भोकांतून हवा मारायची, उन्हात वाळवायचं. आतला सरकता दट्ट्या काढून वेगळा गुंडाळायचा, नाहीतर तो जागीच धरून बसतो. स्प्रिंगांवरचा ताण सोडायचा, रबरी भाग पावडर लावून निराळ्या पुडीत. धातूवर शिलाई मशीनच्या तेलाचा हात. वर बटर पेपर, वर्तमानपत्र कधीही नाही, ते ओल धरतं. मग पत्र्याचा डबा, त्यात औषधांच्या बाटल्यांतून निघतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्या. त्या पुड्यांमधले दाणे ते दरवर्षी अक्कांच्या तव्यावर भाजून कोरडे करायचे, आणि अक्का दरवर्षी तवा लपवून ठेवायच्या. डब्याला दोऱ्याने बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल. त्यावर मालकाचं नाव नसायचं, गावाचं असायचं. "आनेकल – शाळामास्तर." "बेळ्ळंदूर – पुणेकर." नाव घातलं की माणूस गेल्यावर डब्याकडे बघवत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्याकडून मी हे सगळं शिकलो. सुटीच्या दिवशी बेळ्ळंदूरहून यशवंतपूरला जायचं म्हणजे शहर आडवं ओलांडायचं, पण मी जायचो. पहिला धडा वाटीचाच होता. गाडी जास्त दिवसांसाठी उभी करायची असेल तर पेट्रोलचा टॅप बंद करायचा आणि इंजिन तसंच चालू ठेवायचं. वाटीत उरलेलं पेट्रोल ते पिऊन टाकतं. अगदी शेवटी क्षणभर जोरात पळतं, दिवा विझताना मोठा होतो तसं, आणि आपोआप बंद पडतं. वाटी कोरडी. "संध्याकाळी परत येणारा माणूस हे करत नाही," अण्णा म्हणाले होते. "लांब जाणारा करतो." तेव्हा मला तो निव्वळ तांत्रिक नियम वाटला. मी तो वहीत लिहूनही घेतला.

खंडेनवमीला, इथल्या भाषेत आयुधपूजेला, सगळं बंगळूर गाड्यांना झेंडूच्या माळा घालतं आणि चौकाचौकात कोहळे फोडतं. अण्णांच्या घरी त्या दिवशी डबे उघडले जायचे. सगळेच्या सगळे, वर्षातून एकदा. दट्ट्या हातात घेऊन पुसायचा, तेलाचा नवा थेंब द्यायचा, पुड्या बदलायच्या, हळदकुंकू वाहायचं आणि पुन्हा बंद. फक्त एका डब्याचं झाकण ते उघडायचे, आतल्या पुडक्याला हळदकुंकू लावायचे आणि बटर पेपरसुद्धा न सोडता झाकण लावून टाकायचे. त्याच्या लेबलवर "यशवंतपूर स्टँड" एवढंच लिहिलेलं होतं. हे माझ्या लक्षात आलं होतं, असं मी आज म्हणू शकतो. तेव्हा आलं नव्हतं. तेव्हा मी फक्त स्वतःच्या हातांकडे बघत होतो, कारण त्यांना ग्रीस लागलेलं मला फार आवडायचं.

नऊ वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीच्या आठवड्यात अण्णांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यावर पट्टी, डाव्याने आधीच कमी दिसायचं, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. पुढच्या खोलीत पलंगावर पडून त्यांनी मला सांगितलं, "यंदा तू कर. डबे उघड, तेल दे, कुंकू लाव, बंद कर. बस." बस म्हणजे बस. पण मला एवढी मोठी संधी कोण देणार होतं! दोन दिवसांची सुटी होती. मी ठरवलं, अण्णा उठून बघतील तेव्हा थक्क झाले पाहिजेत. डोळ्यांमुळे त्या वर्षी नव्याने आलेले चार-पाच कार्बोरेटर त्यांनी न धुताच डब्यांत ठेवलेले होते, तेही साफ करायचे होते. मी सगळे तेवीस डबे उघडले. सगळ्यांचे कागद सोडले. ज्याच्या त्याच्या समोर लेबल ठेवून एकेकाची वाटी खोलली, आणि जिथे म्हणून खळ दिसली ती क्लीनरमध्ये भिजवून, नखाने, ब्रशने, सुईने काढून टाकली. अति तिथे माती म्हणतात. मी तर त्या दोन दिवसांत काय मातीत घातलं याचा मला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते सगळे एका मोठ्या ताटात मांडून अण्णांच्या पलंगावर ठेवले. ते उशीला टेकून बसले आणि एकेकावरून हात फिरवू लागले. हातानेच ओळखायचे. हा आनेकल, हा राजाजीनगर, हा तुझा. एकाशी हात थांबला. उचलून त्यांनी तो नाकाशी धरला. "हा उघडलास?"

"उघडला म्हणजे काय अण्णा! कुणा गाढवाने पेट्रोल न काढता तसाच ठेवला होता."

त्यांनी अंगठा वाटीवरून फिरवला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "किती होतं आत?"

मी मुळात बढाईखोर माणूस. उचलली जीभ लावली टाळ्याला. "काठोकाठ! वरपर्यंत रेघ होती. दोन तास खरवडत होतो."

"काठोकाठ," अण्णा म्हणाले. मग पुन्हा एकदा, जणू चव घेत, "काठोकाठ... सरी, ठीक आहे." आणि पट्टी नसलेल्या डोळ्यातून पाणी गालावर आलं. मला वाटलं, ड्रॉप्स घातले असतील. मी ताट उचललं आणि हात धुवायला आत गेलो.

आत सरोजाक्का ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला पाटावर बसवून त्यांनी कॉफी पुढे ठेवली आणि जे कुणाला सांगत नसत ते सांगितलं. अण्णांना मधुकर नावाचा धाकटा भाऊ होता. अण्णांनीच त्याला निपाणीहून इथे आणलं, मंडईत एका दुकानात कामाला लावलं, गाड्यांचं वेड लावलं. एकदा त्या पोराने गाडी जास्त पळावी म्हणून थोरल्याला न विचारता कार्बोरेटरचं हवेचं बारीक भोक कोरून मोठं केलं, आणि अण्णांच्या लाडक्या गाडीचं इंजिन जाम झालं. सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. अण्णा म्हणाले, "चालता हो, परत तोंड दाखवू नको." मधुकर आपली गाडी काढून गेला तो गेलाच. पोलीस झाले, निपाणी झाली, हुबळी-मिरजेची स्टेशनं धुंडाळून झाली. अकरा महिन्यांनी कळलं की त्याची गाडी यशवंतपूर स्टेशनच्या स्टँडवर उभी आहे. म्हणजे तो गाडी लावून कुठल्यातरी रेल्वेत बसला, इतकंच. कुठली ते कुणालाच माहीत नाही.

"इतक्या वर्षांत ह्यांना एकच प्रश्न, तम्मा," अक्का म्हणाल्या. "ह्यांचं ऐकून तो कायमचा गेला, की संध्याकाळी परत यायचा होता आणि वाटेत काही झालं त्याचं? टॅपवरून काय कळणार, स्टँडवाल्यांनी गाडी इकडची तिकडं दहादा केलेली. वाटी बघितली की कळलं असतं. ह्यांनीच शिकवलेलं ना त्याला. कायमचा जाणारा असता तर रिकामी करूनच गेला असता. पण उघडायला हात होईना. कोरडी निघाली तर? मग तसाच डब्यात ठेवला." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि त्या चक्क हसल्या. "आज तू उघडलास. देव आहे बघ."

मी कॉफीचा पेला हातात धरून बसलो होतो. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि का ते मी त्यांना सांगू शकत नव्हतो. कारण मला आठवत नव्हतं. तेवीस वाट्या मी उघडल्या. त्यांतली एक काठोकाठ सुकलेली होती, हे नक्की. तिची रेघ नखाने काढताना नख दुखावलं, तेही नक्की. पण ती स्टँडची होती, की नव्याने आलेल्या चार-पाचांतली एखादी? स्टँडचा कागद सोडला ते आठवत होतं. आत पेट्रोलचा शिळा वास होता तेही आठवत होतं, पण तो कोरड्या वाटीलाही असतो. बढाई मारताना मी तेवीस वाट्यांची मेहनत एकीच्या नावावर जमा केली होती. आणि पुरावा मी क्लीनरने धुऊन, फडक्याने पुसून, चकचकीत करून ठेवला होता. एका माणसाने उत्तराच्या भीतीने न उघडलेली गोष्ट मी हौसेने उघडली, आणि आत काय होतं ते बघितलंच नाही.

त्यानंतर दर खंडेनवमीला अण्णा तो डबा सर्वांत शेवटी घ्यायचे. आता ते कागदही सोडायचे, कार्बोरेटर माझ्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "रेघ कुठपर्यंत होती रे?" मी वाटीवर बोट ठेवून दाखवायचो. "इथपर्यंत, अण्णा." एकदा त्यांनी विचारलं, "सरळ होती?" आणि मी, देव मला क्षमा करो, म्हणालो, "नाही, तिरकी. डावीकडे जरा वर." साइड स्टँडवर लावलेली गाडी डावीकडे कलते, हे मला त्यांनीच शिकवलेलं. अण्णांचा चेहरा असा उजळला की मी खाली बघितलं. "साइड स्टँडवरच लावायचा तो. किती ओरडायचो मी, मेन स्टँडवर लाव म्हणून..." त्या क्षणापासून ती तिरकी रेघ मला स्वच्छ दिसू लागली. आज डोळे मिटले तरी दिसते, तिचा तपकिरी रंग दिसतो. मी ती पाहिली आहे की रचली आहे, हे मला आता कुठल्याही प्रकारे कळणार नाही.

रेघ काठोकाठ होती म्हटल्यावर अण्णा शांत झाले असतील असं कुणालाही वाटेल. झाले नाहीत, उलट ते वाट बघू लागले. संध्याकाळी परत यायचा होता ना, मग येईल. मधुकर असलाच तर आता साठीचा असेल, हे त्यांना हिशेबाने कळत होतं, पण रस्त्यावर टू-स्ट्रोकचा आवाज आला की ते बोलणं अर्धवट सोडून मान वळवायचे. तसल्या गाड्या आता शहरात फार उरल्या नाहीत, त्यामुळे बऱ्याचदा तो आवाज माझ्याच गाडीचा असायचा. मी गल्लीच्या तोंडाशी वळलो की दिसायचं, अण्णा खुर्चीतून उठून फाटकाशी आलेले, कपाळावर हात धरून बघतायत. मग मी हेल्मेट काढायचो. "काय पुणेकर, आलास?" ते म्हणायचे, अगदी प्रेमाने. पण त्याआधीचा तो एक क्षण मी सात वर्षं दर खेपेला पाहिला आहे. शेवटची दोन वर्षं मी गल्लीच्या बाहेरच इंजिन बंद करून गाडी ढकलत न्यायचो. दोनदा ठरवलं की सांगून टाकू. एकदा तर तोंड उघडलंही. ते म्हणाले, "काय?" मी म्हणालो, "काही नाही, पुड्या बदलायच्यात."

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी अक्कांनी बोलावलं. मला वाटलं, डब्यांचं काय करायचं ते ठरवायला. पण त्यांनी मला मागच्या पडवीत नेलं. तिथे अण्णांची स्वतःची गाडी उभी होती, मेन स्टँडवर, सरळ. अक्का दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी इथं स्टूल टाकून बसले होते. गाडी चालू करून. धूर करायलात कशाला म्हणून मी आतनं ओरडले पण. मग मध्येच आवाज वाढला, आणि एकदम गप्प." तो आवाज मी ओळखला. अक्कांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. "त्यांनी बंद केली की आपोआप पडली, मला कळलं नाही. मला तर म्हणाले, चार दिवसांत येतो. शनिवारी सकाळी मला म्हणाले, घरी जाऊन अंघोळ करून ये, मी कुठं जातोय? म्हणून मी आले, तम्मा. नाहीतर हलले नसते तिथनं." मग त्या म्हणाल्या, "तू वाटी बघ. मला सांग, यायचं होतं का त्यांना परत."

पंधरवड्यात वाटीतलं पेट्रोल थोडं उडून जातं, पण तळाशी राहतंच. मी खोलीतून स्क्रूड्रायव्हर आणला. कपाटात जुन्या चादरीचे पांढरे फडके चौघडी करून ठेवलेले होते, अण्णांच्या हातची घडी, त्यातला एक घेतला. टॅप बंद होता, पण तो ते रोजच बंद करायचे. गाडीशेजारी मांडी घातली, फडका खाली धरला आणि वाटीचा स्क्रू सोडला. एक आटा, दोन आटे, मग पूर्णच काढला. काही आलं नाही. गाडी हलवून पाहिली. मग फडक्याचं टोक पिळून भोकातून आत घातलं, तळापर्यंत फिरवलं आणि बाहेर काढलं, कोरडंच. अण्णांनी कुठलंही काम अर्धवट ठेवलेलं मी कधी पाहिलं नाही. हेही त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत केलं होतं, स्टुलावर बसून, त्या आवाजाची वाट बघत. आणि मग हात धुऊन, शर्ट बदलून, बायकोला चार दिवस सांगून रिक्षात बसले होते.

"होतं का?" अक्कांनी विचारलं. त्या जवळ आल्या नव्हत्या. तिथूनच विचारत होत्या.

"होतं, अक्का," मी म्हणालो. "काठोकाठ."

"मग यायचंच होतं त्यांना," त्या म्हणाल्या, आणि चौकटीवरचा हात सोडून कॉफी ठेवायला आत गेल्या.

अण्णांशी मी खरं बोललो की खोटं, ते मला माहीत नाही. अक्कांशी काय बोललो ते माहीत आहे. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणूनच हे इथे लिहू शकलो. वाचणाऱ्यांपैकी कुणी यशवंतपूरच्या त्या गल्लीत राहत असेल, तर कृपा करून त्यांना हे वाचून दाखवू नका. डबे सध्या तिथेच आहेत. येत्या खंडेनवमीला मी जाणार आहे, तवाही मागणार आहे. तो फडका मात्र मी त्या दिवशी मुठीत चुरगळून खिशात घातला तो परत ठेवला नाही, माझ्या टेबलाच्या खणात आहे. काल पुन्हा बाहेर काढून नाकाशी धरून पाहिला. त्याला कसलाच वास येत नाही.